भाकरी, चटणी आणि एका घरातली तीन वयं : चवी खरंच वेगळ्या की रांधण्यात चुकतंय?

काठवट
मंडळी, बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या आपल्या पट्ट्यात एका घरात तीन पिढ्या जेवायला बसल्या की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "म्हाताऱ्या माणसांना काय, मऊ भात नि आळणी आमटी पुरे." आणि "आताच्या पोरांना भाकरी नकोच, गोबी नि नूडल्स पाहिजेत." या दोन वाक्यांपायी एका जेवणाला तीन-तीन भांडी चढतात आणि शेवटी कुणाचंच पोट समाधानानं भरत नाही.

या धाग्यावर कामाचं लिहावं ही विनंती. कुठल्या वयाला नक्की काय जात नाही, का जात नाही, आणि एकाच चुलीवर ते कसं जमवायचं. माझं मत आधीच सांगतो : ज्याला आपण "पिढीची चव" म्हणतो त्यातलं बरंचसं पिठाचं, मिरचीचं आणि वाढायच्या वेळेचं असतं. भाकरीपासून सुरुवात करू या.

उथवणी
पोरं भाकरी ताटात ठेवतात त्याचं पहिलं कारण पीठ. जोंधळ्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळं भाकरी धरून ठेवणारं काम सगळं उकळत्या पाण्याचं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो नि चिकट होतो, तीच आपली उथवणी. पीठ जुनं झालं की कितीही उथवणी घाला, जिगी येत नाही. थापताना कडेला भेगा पडतात, तव्यावर टाकताना तुकडा पडतो. आपण म्हणतो पीठ विरी गेलं. एकदम पाच-दहा किलो दळून आणायचं आणि तीन आठवडे पुरवायचं, ही सवय भाकरी बिघडवते. आठ-दहा दिवसांपुरतंच दळा, पावसाळ्यात त्याहूनही कमी.

प्रमाण सांगते. दोन वाट्या पीठ परातीत घ्या, मध्ये आळं करा, पाऊण वाटी खळखळ उकळलेलं पाणी ओता, उलथण्यानं कालवून झाकण ठेवून पाच मिनिटं सोडा. मग कोमट पाण्याचा हात घेत तळहाताच्या टाचेनं रेटून मळा. एका भाकरीचा गोळा घेऊन निदान दोन मिनिटं मळल्याशिवाय थापायला घेऊ नये. दाबल्यावर गोळ्याची कड फाटली नाही म्हणजे झालं. फाटली तर पाणी कमी किंवा मळणं कमी.

थापून तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात लगेच फिरवायचा, आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. इथं उशीर झाला की वरचा भाग तडकतो नि पापुद्रा सुटत नाही. तवा थंड असेल तर भाकरी चिवट, फार तापला तर आत कच्ची आणि बाहेर काळी.

दुसरं कारण गारवा. गार झाल्यावर तोच फुगलेला स्टार्च परत आवळतो, म्हणून सकाळची भाकरी दुपारी चामड्यासारखी लागते. आजी-आजोबा तव्यावरची खातात आणि नातवंड डब्यातली खातं, मग दोघांचं मत एक कसं होणार? तुलना एकाच भाकरीची होतच नाही.

जांबोटी_रस्ता
एक दुरुस्ती करतो, कारण दर वेळी हा घोळ होतो. "जुनी पिढी म्हणजे जोंधळ्याची भाकरी" हे अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्तीकडच्या काळ्या रानाला लागू आहे. शाळू तिथला, रब्बीचा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, पाऊस एवढा की तिथं भात नि नाचणी. तिकडच्या जुन्या माणसांची जीभ तांदळाच्या भाकरीची, नाचणीच्या आंबिलीची आणि हुलग्याची. त्यांना जोंधळा वाढून "घ्या, तुमचं जुनं जेवण" म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या गावचं जेवण त्यांच्या माथी मारणं.

आणि धान्य बदललं ते पोरांच्या हट्टानं नव्हे. जुलै २०१३ पासून कर्नाटकात अन्नभाग्य योजनेत रेशनवर तांदूळ अगदी स्वस्तात मिळू लागला. जोंधळा निवडायचा, दळायचा, थापायचा, त्यापेक्षा कुकरला तांदूळ लावणं सोपं नि स्वस्त. त्या घरातल्या पोराला भात आवडतो म्हणून त्याला नावं ठेवू नयेत.

आंबिलीचं लिहून ठेवतो, कारण ही तिन्ही वयांना चालते. नाचणीचं पीठ तीन मोठे चमचे, अर्धा वाटी पाण्यात रात्री भिजवा. गार पाण्यातच कालवा, गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या पुढं फुटत नाहीत. सकाळी अडीच वाट्या पाणी उकळून त्यात हे ओता, मंद आचेवर सहा-सात मिनिटं सतत ढवळा. रंग गडद होऊन चकाकी आली की उतरवा. पूर्ण निवल्यावरच ताक घाला, गरमात घातलं की फाटतं. मीठ, जिऱ्याची पूड, ठेचलेला लसूण. लहान मुलांची वाटी ताक घालायच्या आधी काढा आणि तीत गूळ नि दूध घाला. ताक पडलेल्या आंबिलीत मागून दूध घातलं की नासते.

सत्तरी_पार
"मऊ नि आळणी" हे वाक्य ज्यांच्या नावावर खपवतात त्यांच्या बाजूनं बोलतो. मऊ आणि आळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दात गेले म्हणून मऊ लागतं. जीभ गेलेली नसते. हुलग्याचं माडगं मऊ असतं, आळणी नसतं. कटाची आमटी पातळ असते, पण झणझणीत असते. म्हाताऱ्या माणसापुढं बिनफोडणीचा गुरगुट्या भात ठेवायचा आणि दोन घास खाऊन ताट सरकवलं की "भूक कमी झाली" म्हणायचं, हे बंद झालं पाहिजे.

ताटातलं_गणित
सत्तरी पार काकांचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. आहाराचं काम करताना लागणाऱ्या गोष्टी सांगते.

आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा वासाचा असतो. साठीनंतर वास घेण्याची ताकद हळूहळू उतरते. खारटही आधीइतकं जाणवत नाही, म्हणून "आज मीठच नाही" ही तक्रार होते आणि वरून मीठ पडतं. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळं घासाचा पोत नि गरमपणा नीट कळत नाही. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं काहींना तोंडात धातूसारखी चव येते. अशा वेळी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

म्हणजे वय वाढलं की चव कमी नाही, जास्त लागते. फक्त ती मिठातून द्यायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं-पापड-चटणी सगळं आलं. मग करायचं काय? आमटीत मीठ चतुर्थांश कमी घाला, आणि वाढायच्या क्षणी भाजलेलं जिरं चुरडून, लसणाची ताजी फोडणी, लिंबू किंवा आमसुलाचं पाणी, कोथिंबीर. फोडणी सकाळी दिली तर जेवणाच्या वेळेपर्यंत वास उडून जातो. ज्यांचं नाक मंद झालंय त्यांना वास ताटावरच मिळाला पाहिजे. आमटी कडकडीत गरम असताना खारटपणा नीट समजत नाही, म्हणून मीठ चाखायचं ते जरा निवू देऊन.

लहान मुलांचं उलट. गोडाची ओढ मोठ्यांपेक्षा जास्त असते आणि ती पौगंडावस्था सरेपर्यंत टिकते. कडू त्यांना जास्त बोचतं. मेथी, कारलं, जरा जास्त भाजलेलं कारळ हे सगळं त्यांना मोठ्यांपेक्षा कडू लागतं, ते नखरे नव्हेत. दोन ते सहा या वयात नवीन पदार्थाला नको म्हणणं हा वाढीचा भाग आहे. एखादी भाजी आठ-दहा वेळा, दर वेळी एक चमचाभर, जबरदस्ती न करता समोर आली की बरीच मुलं ती स्वीकारतात. आपण दोनदा वाढतो नि "याला आवडत नाही" असा शिक्का मारतो. तो शिक्का मग दहावीपर्यंत राहतो.

डंकावरची_चटणी
तिखटाकडं या. आपल्याकडं तिखटालाच चटणी म्हणतात, आणि वर्षाची चटणी मार्च-एप्रिलमध्ये एकदाच होते. म्हणजे घरातल्या सगळ्या वयांचं तिखट त्या एका दिवशी ठरतं. भांडण जेवणाच्या ताटावर होतं, चूक मात्र डंकावर (मिरची कुटायच्या गिरणीत) झालेली असते.

ब्याडगी रंगाला, संकेश्वरी जाळाला. ब्याडगीतही कड्डी लांब नि सुरकुतलेली, डब्बी आखूड, फुगीर, जास्त रंगाची आणि कमी तिखट. २०११ मध्ये ब्याडगीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बाजारात ब्याडगीच्या नावावर दुसरीच मिरची खपवणारेही आहेत. देठ मोडून वास घ्या, सालीवरच्या सुरकुत्या बघा. गुळगुळीत नि चकचकीत मिरची असेल तर घेऊ नका.

प्रमाण एक किलो मिरचीचं : सगळी मोठी माणसं असतील तर ७०० ग्रॅम ब्याडगी, ३०० ग्रॅम संकेश्वरी. लहान मुलं नि म्हातारी माणसं असतील तर ८५० आणि १५०. रंग तोच राहतो, जाळ निम्म्यावर येतो. धणे पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, जिरं ५० ग्रॅम, लसूण पाव किलो, कांदा अर्धा किलो, मीठ पाव किलो. ज्यांना जास्त तिखट पाहिजे त्यांच्यासाठी निव्वळ संकेश्वरीची छोटी बरणी वेगळी करा आणि ताटावर घ्या.

बिघडतं कुठं, तर कांद्यात. कांदा उभा पातळ चिरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, मग तेलात तांबूस नि कुरकुरीत तळा. ओल राहिली की पावसाळ्यात बरणीच्या मधोमध बुरशी धरते आणि वरून कळतसुद्धा नाही. डंकावरून आलेली चटणी गरम असते, ती रात्रभर कापडावर पसरून निवल्यावरच भरा.

तोंड पोळलं तर पाणी देऊ नका. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही. दूध, दही, तूप द्या.

काठवट
हे उत्तम. पण पोरांच्या बाजूनं कुणी लिहिलं नाही. गोबी-नूडल्सचं काय? ती आवड खोटी म्हणायची का?

तिठ्यावरची_गाडी
खोटी कशाला म्हणायची? गोबीत सहा गोष्टी एकदम मिळतात : कुरकुरीत, खारट, आंबट, जरा गोड, तिखट आणि तो तोंडाला पाणी आणणारा रस. ती शेवटची चव अजिनोमोटोची. १९०८ मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं ती समुद्री शेवाळापासून वेगळी काढली. तीच चव पिकलेल्या टोमॅटोत असते, सुकट-बोंबलात असते. म्हणजे सुकट भाजल्याबरोबर खूश होणारी आजी आणि गोबीवर तुटून पडणारा नातू एकाच चवीच्या मागं आहेत.

वाईट होता तो रंग. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरीत आणि रंगीत म्हातारीच्या केसांत कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. तपासणीत ऱ्होडामाइन-बी सापडला होता, जो खाण्याचा रंगच नव्हे. जूनमध्ये कबाबांच्या रंगांवरही बंदी आली. बोटाला नि कागदाला गुलाबी-लाल डाग राहत असेल तर त्या गाडीवर खाऊ नका.

घरी करायची तर लाल रंग ब्याडगी देते. अर्धा किलो फ्लॉवरचे बोराएवढे तुरे. मीठ घातलेलं पाणी उकळून गॅस बंद करा, तुरे दोन मिनिटं त्यात ठेवा, उपसून कापडावर वीस मिनिटं कोरडे होऊ द्या. ओला तुरा तेलात गेला की पीठ सुटतं नि आतून गिळगिळीत होतो, बहुतेकांची गोबी इथंच बिघडते. कॉर्नफ्लोअर सहा चमचे, मैदा चार चमचे, ब्याडगीचं तिखट दोन चमचे, आलं-लसूण वाटण एक चमचा, मीठ बेतानं. पाणी एवढंच की पीठ तुऱ्याला चिकटेल, ओघळणार नाही. मध्यम आचेवर एकदा तळा, दहा मिनिटं निवू द्या, मग मोठ्या आचेवर एक मिनिट परत तळा. दुसऱ्या तळणीत आतली वाफ निघून जाते, म्हणून कुरकुरीतपणा टिकतो. सॉसमध्ये वेगळं मीठ नको, सोया सॉस खारटच असतो. कालवायची ती पानं मांडल्यावर.

उथवणी
गाडीवाल्यांनी कुरकुरीतपणाचं लिहिलंत त्यावरून सुचलं. आपली कडक भाकरी पोरांना याच गुणासाठी द्यावी की. नेहमीच्या पिठात तीळ नि मीठ घालून गोळा लहान घ्या, पापडाच्या जरा वर एवढी पातळ करा, नेहमीसारखी भाजा, मग मंद तव्यावर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत पूर्ण ओल घालवा. मोडल्यावर टक्क आवाज आला पाहिजे. वाकली तर ओल आहे, तशीच डब्यात भरली की चार दिवसांत वास मारते. पोरं तीवर दही नि शेंगा चटणी घालून खातील. म्हातारी माणसं तीच आमटीत बुडवून, दोन मिनिटांत ती मऊ होते. एकच भाकरी, दात असलेल्यांना कुरकुरीत नि नसलेल्यांना मऊ.

बेळगावच्या मांड्यांचंही तसंच आहे. तरुण माणूस कोरडा मोडून खातो, वयस्कर माणूस दूध-तुपात भिजवून. मांडा एकच.

शेंगा चटणी मिक्सरला लावायची तर थांबत थांबत, दोन-दोन सेकंद फिरवा. सलग फिरवली की गरम होऊन लगदा होतो. उखळात कुटलेलीला तेल सुटतं पण दाणा राहतो, चव तिथंच आहे.

ताटातलं_गणित
त्याच दाण्याबद्दल एक काळजी. शेंगदाण्याची नि तिळाची भरड कवळीखाली जाऊन बसते आणि हिरडी सोलते. मग माणूस "चटणी नको" म्हणतो, आणि घरचे समजतात तिखट सोसत नाही. त्यांच्यापुरती चटणी बारीक करा आणि दह्यात दहा मिनिटं कालवून ठेवा.

दुसरं, पाणी-आंबील-आमटी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर ते वय झाल्याचं म्हणून सोडून देऊ नका. गिळण्याची तपासणी करून घ्या. अशा माणसाला पातळापेक्षा दाट पदार्थ सोपा जाण्याची शक्यता असते, आणि घरात नेमकं उलटं पातळ-पातळ देत राहतात.

पंगतवाला
चाळीस पानांचा हिशेब देतो, ज्यात दहा वयस्कर नि दहा मुलं धरलीत. जोंधळ्याचं पीठ पाच किलो, पन्नासेक भाकरी. तांदूळ साडेतीन किलो. तूरडाळ पावणेदोन किलो. वांगी चार किलो, शेंगा चटणी पाऊण किलो.

स्वयंपाक एकच, वेगळं काढायची वेळ महत्त्वाची. डाळ शिजवून घोटा, मीठ पाऊणच घाला, चिंच-गूळ घाला. इथं मुलांचं पातेलं काढून घ्या, त्यात नुसती तूप-जिऱ्याची फोडणी. मगच मोठ्या पातेल्यात चटणी. एकदा चटणी पडलेली आमटी पाणी घालून सौम्य करायला गेलात की ती पाणचट होते, सौम्य होत नाही. मुलांनी "आमटी आवडत नाही" म्हणायचं खरं कारण पुष्कळदा ती पाण्याची आमटी असते.

वयस्करांचा भात वेगळ्या भांड्यात, वाटीभर तांदळाला तीन वाट्या पाणी. तयार भातात मागून पाणी घालून तो मऊ होत नाही, फक्त ओला होतो.

भरल्या वांग्याचं : मसाल्यात शेंगकूट चार भाग, तीळ एक, सुकं खोबरं एक, कारळ (आपल्याकडं गुरेळ म्हणतात) पाव. कारळ मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा. धूर आला की कडू, आणि तो कडूपणा गूळ घालूनही झाकत नाही. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं. झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये दोनदाच हलवा, जास्त हलवली की मसाला बाहेर येऊन तळाला लागतो. वयस्करांना साल जात नाही, त्यांच्या ताटात वांगं चमच्यानं उघडून गर नि मसाला एकत्र कुस्करून वाढा. मुलांना वांगं नको असेल तर नुसता मसाला भाकरीला लावून द्या. सातव्या-आठव्या वेळेला वांग्याकडंही हात जातो.

सत्तरी_पार
पंगतवाले, एक जोडा त्यात. वाढपी पोरं वयस्करांच्या पानावर न विचारता कमी तिखट, न विचारता मऊ वाढतात. विचारावं. "काका, तिखटातली घालू का बिनतिखटातली?" एवढं विचारायला दोन सेकंद लागतात.

पंगतवाला
बरोबर आहे काका. आमटीची दोन्ही पातेली घेऊनच पानापुढं यायचं, असं वाढप्यांना सांगायला हवं.

काठवट
शेवटचा प्रश्न उथवणीताईंना. डब्यातली भाकरी दुपारी मऊ राहण्यासाठी काय करायचं? शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी विचारतो.

उथवणी
पाणी नि पीठ समसमान घ्या. पाणी मीठ घालून उकळा, पीठ त्यातच ओतून ढवळा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाका, मग मळा. पूर्ण उकडीची ही भाकरी नेहमीच्या भाकरीपेक्षा उशिरा कडक होते. वाटीभर पिठाला दोन चमचे उडदाचं पीठ घातलं तर घडीही मोडत नाही. थोडी जाडसर थापा, पातळ लवकर वाळते. तव्यावरून काढली की थेट डब्यात टाकू नका, जाळीवर मिनिटभर वाफ जाऊ द्या, नाहीतर तळाला पाणी सुटून चिकट होते. वरून तुपाचं बोट फिरवा, सुती फडक्यात गुंडाळा, मग झाकण लावा. जोडीला सुकी भाजी नको, झुणका ओलसर करा किंवा दह्यातली चटणी द्या.